कृषी पदव्युत्तरची प्लेसमेंट: हंगाम गाठण्यापासून अहवाल देईपर्यंत

प्लेसमेंट शोधायची म्हटलं की बहुतेक विद्यार्थी मोठ्या संस्थांची आणि कंपन्यांची यादी करायला बसतात. यादी जरूर करा, पण तिचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न असा की तुम्ही मोकळे असाल त्या महिन्यांत तिथल्या शेतात काय चाललेलं असेल? गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करायला म्हणून गेलात आणि पोहोचलात तेव्हा मळणी उरकलेली असेल, तर पुढचे तीन महिने बियाण्याच्या पाकिटांना लेबलं लावण्यात जातात. यात संस्थेचं काही चुकलेलं नसतं. पीक तुमच्या सेमिस्टरसाठी थांबत नाही, एवढंच.

पुढचं सगळं लिहिलं आहे ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आठवडे ते सहा महिने बाहेर काम करायला निघालेल्यांसाठी. इथे प्लेसमेंट म्हणजे हेच, नोकरी नव्हे. विषय कृषिविद्या असो, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, प्रजनन किंवा विस्तार. क्रम साधारण हाच राहतो.

पायरी १: कॅलेंडर उलटं मोजा

पिकाच्या कोणत्या अवस्थेत तुम्हाला तिथे असायलाच हवं, ते आधी ठरवा. संकर करायला शिकायचं असेल तर फुलोरा चुकवून चालणार नाही. रोगाच्या नोंदी घ्यायच्या असतील तर पोटरीपासून दाणे भरेपर्यंतचा काळ हवा. खताच्या प्रयोगात काम करायचं असेल तर निदान काढणी तरी सापडली पाहिजे, नाहीतर तुमच्या हातात उंची आणि फुटवे येतील, उत्पादन येणार नाही. ती तारीख कागदावर लिहा आणि तिच्यापासून मागे या. पेरणी कधी, बियाण्याची पाकिटं कधी भरतात, प्रयोगाचा आराखडा कधी पक्का होतो? आराखडा पक्का होण्याआधी तुमचं पत्र पोहोचलेलं असेल तर तुमच्यासाठी चार वाफे वेगळे ठेवता येतात. नंतर पोहोचलं तर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगात मदतनीस. म्हणून सहा ते नऊ महिने आधी सुरुवात करा. परदेशी जायचं असेल आणि व्हिसा लागणार असेल तर नऊच धरा.

एकाच पिकाचा हंगाम जगभर वेगवेगळा असतो, याचा फायदा घ्यायला शिका. युरोपात गव्हाची काढणी जुलै-ऑगस्टमध्ये चालते, ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिनात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. गव्हाचे प्रजननतज्ज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत हेच तत्त्व एका देशाच्या आत वापरलं. हिवाळ्यात वायव्येकडच्या याकी खोऱ्यात गहू घ्यायचा आणि उन्हाळ्यात टोलुकाच्या उंच पठारावर, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या. आता तर बंदिस्त जागेत दिवसाला २२ तास प्रकाश देऊन गहू, बार्ली, हरभरा यांच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात. ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड विद्यापीठ आणि इंग्लंडमधलं जॉन इनेस सेंटर इथल्या संशोधकांनी ही पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. तुमच्या सुट्ट्या अगदीच अवेळी येत असतील तर हरितगृहात किंवा अशा वेगवान प्रजननाच्या खोलीत काम मिळतं का, ते बघा. माती-पाण्याच्या प्रयोगशाळा वर्षभर चालतात, पण तिथेही पेरणीआधीच्या आठवड्यांत नमुन्यांचा ढीग लागतो आणि शिकवायला कुणाला वेळ नसतो.

अवस्था विचारताना मोघम विचारू नका. ‘पीक केव्हा तयार होतं’ याला दहा अर्थ आहेत. वाढीच्या प्रत्येक अवस्थेला अंक देणारी झाडॉक्सची १९७४ सालची मोजपट्टी तृणधान्यांसाठी आहे, इतर पिकांसाठी त्याच धर्तीची बीबीसीएच. दोन्हीत ६५ म्हणजे फुलोरा ऐन भरात. ‘तुमच्याकडे ६५ साधारण कोणत्या आठवड्यात येतो?’ असं विचारलंत की समोरच्याला नेमकं उत्तर देता येतं, आणि विचारणाऱ्याने थोडा अभ्यास केलेला आहे हेही कळतं.

पायरी २: जागा निवडताना माणूस बघा

आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थांचं आकर्षण समजण्यासारखं आहे. सीजीआयएआर या १९७१ मध्ये उभ्या राहिलेल्या गटात भातासाठी फिलिपिन्समधली इरी, मका आणि गव्हासाठी मेक्सिकोतली सिमिट, बटाट्यासाठी लिमाची सीआयपी, ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमुगासाठी पटांचेरूची इक्रिसॅट, कसावा आणि चवळीसाठी इबादानची आयआयटीए अशी केंद्रं आहेत. तिथे नोंदींची शिस्त कडक, आधीच्या वर्षांचा विदा (डेटा) भरपूर आणि आजूबाजूला दहा देशांतली मुलं. अडचण एकच, की ज्या शास्त्रज्ञाचं नाव वाचून तुम्ही जाता तो महिन्यातले बरेच दिवस प्रवासात असतो. म्हणून अर्जाच्या आधीच विचारा: रोज मला काम कोण दाखवणार? उत्तरात एखाद्या पीएचडी विद्यार्थ्याचं किंवा अनुभवी तंत्रसहायकाचं नाव आलं तर उत्तम. ‘टीम आहे’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

दीर्घकालीन प्रयोग चालवणारी केंद्रं मला जास्त मोलाची वाटतात, जरी तिथलं रोजचं काम संथ असलं तरी. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा खतप्रयोग चालू आहे आणि जुन्या माती-धान्याचे नमुने जपून ठेवलेले आहेत. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये तिथे गेले ते साठलेल्या आकड्यांचा अर्थ लावायला, आणि त्या कामातून यादृच्छिक मांडणीचं, म्हणजे कोणत्या वाफ्यात काय करायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवण्याचं, शास्त्र उभं राहिलं. असा प्रयोग जिथे असेल तिथे चार महिने काढले की एक गोष्ट अंगवळणी पडते: आज लिहिलेली नोंद आपल्याला कधीच न भेटलेला माणूस वाचणार आहे.

बियाणे कंपन्यांत वेग आणि आकार शिकायला मिळतो. एका हंगामात हजारो वाफे, वाफ्यांसाठीचं छोटं कापणी-मळणी यंत्र (कंबाईन), बारकोड, संध्याकाळी विदा सर्व्हरवर. बदल्यात गुप्तता. वाणांची खरी नावं अहवालात लिहिता येणार नाहीत, कधीकधी तुम्हाला ती कळणारही नाहीत. तुमच्या विद्यापीठाला असा सांकेतिक नावांचा अहवाल चालतो का, हे आधी विचारून घ्या.

प्रयोगशाळा निवडलीत तर आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मान्यता असलेली निवडा. तिथे कोरा नमुना (ज्यात तपासायचा पदार्थ नसतोच), संदर्भ नमुना (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो), दुबार तपासणी ही सवय लागते, आणि पुढे आयुष्यभर कोणत्याही आकड्याकडे बघताना ‘हा किती पक्का?’ असं विचारलं जातं. विस्ताराचं किंवा कृषी अर्थशास्त्राचं काम असेल तर मुलाखतींच्या प्रश्नावलीला नैतिकता समितीची परवानगी लागते का ते पहा. लागत असेल तर ती मिळायला कित्येक आठवडे जातात आणि तोवर एकही शेतकरी गाठता येत नाही. उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्या छोट्या कंपन्या हल्ली बऱ्याच आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर तपशिलाची चित्रं फुकट मिळतात, त्यामुळे सुरुवात सोपी असते. त्यांना एकच प्रश्न टाका: शेतात जाऊन पडताळणी कोण करतं? कुणीच करत नसेल तर ती प्लेसमेंट संगणकशास्त्राची झाली.

आणि शेवटी सगळ्यात दुर्लक्षित पर्याय, एखादं मोठं, नीट चालणारं व्यावसायिक शेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ते कमीपणाचं वाटतं. पण ज्याला संपूर्ण हंगामाचे निर्णय घेताना जवळून बघायचं आहे, म्हणजे पाणी आज द्यायचं की उद्या, फवारणी परवडते की नाही, मजूर कुठे लावायचे, त्याला हे दुसरीकडे कुठे दिसणार नाही. फक्त विद्यापीठ अशा जागेला क्रेडिट देतं का, याची लेखी खात्री करा. राहणं-जेवण घेऊन शेतावर हातभार लावायच्या स्वयंसेवी योजना वेगळ्या. त्या बहुधा क्रेडिटमध्ये धरल्या जात नाहीत.

जागा शोधायला मदत हवी असेल तर कृषी विद्यार्थ्यांची आयएएएस ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५७ पासून देवाणघेवाणीचे कार्यक्रम चालवते. पण सगळ्यात जवळचा रस्ता तुमच्या विभागातल्या सीनियरचा. गेल्या दोन वर्षांत कोण कुठे गेलं आणि परत जायला तयार आहे का, एवढं विचारलं की निम्मी यादी आपोआप गळते.

पायरी ३: पत्र

पत्र कार्यालयाच्या सामायिक पत्त्यावर टाकून वाट बघत बसू नका. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांनाच लिहा, आणि त्यांचा एखादा ताजा शोधनिबंध किंवा चाचणीचा अहवाल खरोखर वाचून मग लिहा. चाळीस जणांना एकच मजकूर पाठवलेला लगेच ओळखू येतो. असं पत्र दुसऱ्या ओळीच्या पुढे कुणी वाचत नाही. सांगाडा साधारण असा:

*विषय: भुईमुगाच्या टिक्का रोगावर प्लेसमेंट, १ ऑगस्ट ते २० नोव्हेंबर, १६ आठवडे*

*नमस्कार. मी वनस्पती रोगशास्त्राच्या पदव्युत्तर पहिल्या वर्षाला आहे. तुमच्या गटाचा उशिरा येणाऱ्या टिक्क्याच्या चाचण्यांचा अहवाल वाचला. त्यात रोगाची पातळी १ ते ९ च्या मोजपट्टीवर नोंदवली आहे. नोंदी एकाच व्यक्तीने घेतल्या की अनेकांनी, आणि अनेकांनी घेतल्या असतील तर त्यांची नजर जुळवून कशी घेतली, हे मला शिकायचं आहे.*

*बुरशी वेगळी करून वाढवणं, बीजाणू मोजणं आणि आर या संगणक प्रणालीत विश्लेषण करणं मला येतं. शेतात रोगाची पातळी ठरवण्याचा सराव नाही. विद्यापीठाचा अपघात विमा आहे. राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीतून भागेल. प्लेसमेंटच्या शेवटी विद्यापीठाला २५ पानी अहवाल द्यावा लागतो. या काळात तुमच्याकडे पीक उभं असेल का, आणि मला घेण्याजोगं काम असेल का, ते कळवावं.*

यात काय आहे ते बघा: पीक, तारखा, येतं काय, येत नाही काय, पैसे कुणाचे, आणि शेवटी एका वाक्यात उत्तर देता येईल असा प्रश्न. गुणपत्रक आणि एक-दोन पानांचा परिचय सोबत जोडा. परिचयात हातांनी करता येणारी कामं वर लिहा. ट्रॅक्टरचा परवाना, सूक्ष्मदर्शकाचा सराव, सर्वेक्षणाचा अनुभव, स्थानिक भाषा या गोष्टी निबंधस्पर्धेच्या बक्षिसापेक्षा जास्त उपयोगी पडतात. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एक आठवणपत्र, नम्र आणि तीन ओळींचं. तेही अनुत्तरित राहिलं तर पुढच्या नावाकडे वळा. पेरणी किंवा काढणीच्या आठवड्यात पाठवलेली पत्रं अशीच बुडतात, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

बोलावणं आलं तर मुलाखत बहुधा पडद्यावर वीस-पंचवीस मिनिटांची असते. ‘यादृच्छिक गट रचना का वापरतात?’ हा प्रश्न इतका ठरलेला आहे की त्याचं उत्तर व्याख्येत न देता एखाद्या उताराच्या शेताचं उदाहरण घेऊन देता आलं पाहिजे. उतारावर वरच्या अंगाची माती हलकी, खालच्या अंगाची भारी. म्हणून उताराला आडवे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात सगळे उपचार, म्हणजे ज्यांची तुलना करायची ते खतांचे डोस किंवा वाण, चिठ्ठ्या टाकून वाटायचे. एवढं समजून बोललात तर पुरे.

पायरी ४: सही करण्याआधी

करार कंटाळवाणा असतो आणि म्हणूनच न वाचता सही होते. चार गोष्टी मात्र वाचाच.

पहिली, विदा कुणाचा? तुम्ही गोळा केलेले आकडे प्रबंधात वापरता येतील का, किती काळ रोखून ठेवावे लागतील, शोधनिबंध झाला तर नाव येईल का? याचं उत्तर तोंडी नको. चांगल्या मनाचे वरिष्ठ बदली होऊन जातात आणि त्यांच्यासोबत तोंडी शब्दही जातो.

दुसरी, तास आणि क्रेडिट. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. इतरत्र हिशेब वेगळा असतो. तुमच्या विद्यापीठाचा हिशेब यजमान संस्थेला माहीत असेलच असं नाही, तो तुम्हीच कळवायचा आणि पहिल्या दिवसापासून तासांची नोंद ठेवायची.

तिसरी, विमा. प्रयोगशाळेतला अपघात आणि चालत्या मळणीयंत्राजवळचा अपघात विम्याच्या कागदावर एकच नसतात. यंत्र चालवणं, संस्थेच्या गाडीवर जाणं, फवारणीच्या जागी हजर असणं हे त्यात बसतं का, ते विचारा. शेत राहण्याच्या ठिकाणापासून किती लांब आहे आणि पहाटे सहाला तिथे पोहोचायचं कसं, हेही याच बैठकीत. विद्यावेतन तुटपुंजं असेल आणि प्रवास रोज स्वतःच्या खिशातून करायचा असेल तर हिशेब जमत नाही, मग नाव कितीही मोठं असो.

चौथी, बियाणं आणि नमुने. चार ओंब्या पिशवीत टाकून घरी आणणं हा निरागस प्रकार नाही. अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संपदेचा आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून लागू आहे, जनुकीय संपदेच्या वापराचा लाभ वाटून घेण्याबद्दलचा नागोया प्रोटोकॉल २०१४ पासून. बियाणं हलवायचं तर साहित्य हस्तांतर करार लागतो, सीमा ओलांडायची तर त्याशिवाय वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. मातीच्या नमुन्यांनाही बहुतेक देशांत परवाना लागतो. प्रबंधाचं विश्लेषण स्वतःच्या विद्यापीठात करायचा बेत असेल तर ही कागदपत्रं निघण्याआधीच सुरू करा, नाहीतर नमुने तिथेच राहतील आणि तुम्ही इकडे.

पायरी ५: सामान आणि अंगाची तयारी

हे थोडक्यात. घोट्यापर्यंतचे बूट, लांब बाह्यांचे दोन जुने शर्ट, रुंद कडेची टोपी, पाण्याची मोठी बाटली, मऊ शिशाच्या पेन्सिली, खिशात मावणारी जाड पुठ्ठ्याची वही, दहापट भिंग. धनुर्वाताची लस ताजी आहे का बघा. दर दहा वर्षांनी बूस्टर लागतो. परागकणांची किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असेल तर ती लपवू नका, पहिल्याच दिवशी सांगा.

बूट मात्र स्वच्छ न्या. जुन्या शेतातली माती नव्या शेतात नेणं किती महाग पडतं ते केळी पिकवणाऱ्यांना विचारा. पनामा मर रोगाची टीआर४ ही जात मातीतून पसरते, बुरशी जमिनीत कित्येक वर्षं तग धरते आणि आलेल्या शेतातून तिला घालवायचा खात्रीचा उपाय नाही. काही ठिकाणी दारातच बूट बुडवायची जंतुनाशक घातलेल्या पाण्याची ट्रे असते. घाई असली तरी ती ओलांडून जाऊ नका.

पायरी ६: पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात कुणी फारसं काम देत नाही. हा काळ वाया जातो असं वाटतं, पण मांडणी समजून घ्यायला इतका निवांत वेळ पुन्हा मिळत नाही. प्रयोगाचा नकाशा मागून घ्या आणि तो हातात धरून प्रत्येक वाफ्याजवळून चाला. वाफ्यांचे क्रमांक बहुधा नागमोडी असतात: पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. नकाशात वर उत्तर आहे असं गृहीत धरलं आणि ती दक्षिण निघाली, तर पहिल्या दिवसाच्या सगळ्या नोंदी चुकीच्या वाफ्यांच्या नावावर जातात. म्हणून शेताच्या एका कोपऱ्यात न हलणारी खूण शोधा, विहीर, विजेचा खांब, फाटक, आणि ती नकाशावर स्वतः काढा. कडेच्या ओळी कोणत्या, त्यांतून नमुने घ्यायचे नाहीत, हेही तेव्हाच.

मग शेतावरच्या जुन्या कामगारांशी बोला. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठे मागच्या वर्षी शेणखताचा ढीग होता, कोणत्या बाजूने रानडुकरं शिरतात, हे नकाशात नसतं. तुमच्या आकडेवारीत जो वाफा विनाकारण वेगळा दिसेल त्याचं कारण बहुतेक वेळा त्यांना ठाऊक असतं. त्यांना कामाला लावायच्या आवाजात बोलू नका. वयाने आणि अनुभवाने ते मोठे आहेत, आणि कापणीच्या दिवशी तुमचा वाफा वेगळा ठेवायचा की सगळ्यात मिसळून टाकायचा, हे त्यांच्याच हातात असतं.

आठवड्याच्या शेवटी मार्गदर्शकांना अर्ध्या पानाची टिपणी पाठवा: काय केलं, काय कळलं नाही, पुढच्या आठवड्यात काय. ही सवय शेवटपर्यंत ठेवा. अहवाल लिहायला बसाल तेव्हा तो निम्मा लिहून झालेला असेल.

पायरी ७: नोंदी

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्लेसमेंटमधून परत येताना सोबत येतं ते मुख्यतः हेच.

शेतात पेन्सिलने लिहा. पहाटेच्या दवात शाई पसरते. खूणचिठ्ठीवरही पेन्सिलच, आणि पिशवीच्या आत एक व बाहेर एक अशा दोन चिठ्ठ्या. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने. ‘०३/०४’ हा मार्च की एप्रिल, यावरून वाद झालेले आहेत.

शून्य, मोकळी जागा आणि मेलेलं रोप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि एकही कीड नव्हती. मोकळी जागा म्हणजे मोजलंच नाही. रोप मेलं असेल तर तसं लिहा आणि कशाने मेलं असावं तेही. संगणकात भरताना तिन्ही शून्य झाले की सरासरी गेली. तक्त्याचं सॉफ्टवेअर आणखी एक खोडी करतं: वाफा क्रमांक ‘३-१२’ टाइप केला की त्याची तारीख करून टाकतं. क्रमांक ‘३१२’ असे सलग द्या किंवा तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवा. मोबाइलवर नोंदी घ्यायच्या असतील तर फील्ड बुक किंवा ओडीके ही मोफत साधनं चांगली आहेत. तरी पहिले काही दिवस कागदही सोबत ठेवा. कच्ची फाइल एकदा भरली की तिला हात लावायचा नाही. दुरुस्त्या तिच्या प्रतीत.

आता उत्पादनाचं एक गणित, कारण नवख्यांची गडबड इथे हमखास होते. समजा भाताच्या वाफ्याचं कडेच्या ओळी सोडून निव्वळ क्षेत्र ५ मीटर × २ मीटर, म्हणजे १० चौरस मीटर. मळणी करून वजन भरलं ६.२ किलो. हेक्टरी ६,२०० किलो म्हणून मोकळे झालात तर चूक, कारण ओलावामापकावर दाण्यातला ओलावा २० टक्के दिसतो आणि भाताचं उत्पादन १४ टक्के ओलाव्यावर सांगायची पद्धत आहे. म्हणून ६.२ ला (१०० − २०) ने गुणायचं आणि (१०० − १४) ने भागायचं. उत्तर ५.७७ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे ५,७७० किलो. फरक हेक्टरी चारशे किलोंच्या वर गेला. दोन वाणांमधला फरक कित्येकदा याहून कमी असतो, आणि उशिरा पिकणाऱ्या वाणात ओलावा जास्त असल्याने न दुरुस्त केलेल्या आकड्यांत तोच वाण जिंकल्यासारखा दिसतो.

मातीचे नमुने घेताना नागमोडी चालत एका सारख्या तुकड्यातून १५ ते २० जागांची माती घ्या, बांध, झाडाखालची जागा आणि खताचा ढीग टाळा, सगळी एकत्र मिसळून चार भागांत वाटा, समोरासमोरचे दोन भाग टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. जस्त तपासायचं असेल तर प्लास्टिकची बादली वापरा. पत्र्याच्या बादलीला जस्ताचाच मुलामा असतो.

डोळ्यांनी ठरवायच्या नोंदी, म्हणजे रोगाची टक्केवारी, तणांची दाटी, एकट्याने सुरू करू नका. अनुभवी माणसासोबत वीस पानं दोघांनी वेगवेगळी तपासा, आकडे शेजारी ठेवा, जिथे फरक पडतो ती पानं पुन्हा बघा. नवख्याचा अंदाज जवळजवळ नेहमी जास्त असतो, विशेषतः ठिपके बारीक आणि पुष्कळ असले की.

पायरी ८: फवारणी, यंत्रं आणि ‘नाही’ म्हणणं

फवारलेल्या शेतात पुन्हा कधी शिरायचं, हे लेबलवर लिहिलेलं असतं. काही औषधांना चार तास, काहींना दोन दिवसही. फवारणी कधी झाली हे विचारल्याशिवाय सकाळच्या नोंदीला जाऊ नका; दव पडलेल्या पानांवरून औषध कपड्यांतून थेट अंगाला लागतं. बियाण्याला रंग चढवलेला असेल तर ते औषध लावलेलं आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नका. मिश्रण तयार करणं सगळ्यात धोक्याचं, कारण औषध तिथे पातळ केलेलं नसतं. प्रशिक्षण आणि संरक्षक साहित्य दिलं नसेल तर ‘मला हे शिकवलेलं नाही, आधी दाखवाल का?’ एवढं म्हणा. याने कुणाचा अपमान होत नाही. तरीही दबाव आला तर त्याच दिवशी विद्यापीठातल्या समन्वयकांना लेखी कळवा. मुलींना एकट्याने लांबच्या शेतावर पाठवणं, रात्री उशिरा परतायला गाडी नसणं, या गोष्टीही याच यादीत येतात. त्या ‘ॲडजस्ट’ करायच्या नसतात.

पायरी ९: बेत फसला तर

गारपीट होते, पाणी तुंबतं, उंदीर प्रयोगाचा एक कोपरा साफ करतात. पीक गेलं म्हणून प्लेसमेंट गेली असं नाही. नुकसानीची वाफ्यागणिक नोंद, फोटो, तारीख, हवामान केंद्राचे आकडे आणि मागच्या हंगामांचा विदा मागून घेतलेला असेल तर त्यावर पुरेसा चांगला अहवाल होतो. परीक्षक ‘प्रयोग यशस्वी झाला का’ हे विचारत नाहीत, ‘काय घडलं ते तुम्हाला कळलं का’ हे विचारतात.

दुसरी अडचण जास्त वेळा येते: तिसरा आठवडा उजाडला तरी हातात फक्त खुरपं. खुरपणी, पाकिटं भरणं, चाळणी ही कामं सगळेच करतात आणि करावीतही, पण तेवढंच काम असेल तर तक्रारीच्या सुरात न जाता छोटा प्रस्ताव घेऊन जा. ‘या प्रयोगात कीडमोजणी आठवड्यातून एकदा होते, मी ती दोनदा करून दोन्हींतला फरक बघू का?’ असा. प्रस्तावाला जास्तीचा पैसा किंवा जमीन लागत नसेल तर होकार सहसा मिळतो.

पायरी १०: निघताना

शेवटचे दोन आठवडे शेतासाठी नाहीत. त्यात विदा तपासून, प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक लिहिलेली वेगळी फाइल जोडून यजमानांकडे सोपवा. शीतपेटीत किंवा कपाटात राहिलेल्या नमुन्यांची यादी करा: कोणते ठेवायचे, किती दिवस, कोणते टाकून द्यायचे, कुणाच्या जबाबदारीवर. निकालांचं छोटं सादरीकरण करा आणि त्याला शेतावरच्या कामगारांनाही बोलवा, त्यांच्या भाषेत.

अहवालाचा मसुदा निघण्याआधी मार्गदर्शकांच्या हातात द्या, कारण कंपनी असेल तर प्रसिद्धीआधीची तपासणी काही आठवडे घेते आणि विद्यापीठाची शेवटची तारीख तोवर उलटते. शिफारसपत्र मागायचं असेल तर तेही आत्ताच, काम डोळ्यांसमोर असताना. सोबत तुमच्या आठवड्याच्या टिपण्या एकत्र करून द्या, म्हणजे त्यांना ‘विद्यार्थी मेहनती आहे’ याच्या पुढे काही नेमकं लिहिता येईल. ओळखपत्र, किल्ल्या, भिंग-मापक परत करून पोच घ्या. ठेव ठेवली असेल तर ती याच पोचपावतीवर परत मिळते.